नवीन विहिरीचा अर्ज: आधी भूजलचा दाखला, मग बाकीचे कागद

डॉ. बाबासाहेब आंबेडकर कृषी स्वावलंबन योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध शेतकऱ्यांना नवीन विहिरीसाठी ४ लाख रुपयांपर्यंत अनुदान आहे. योजना जिल्हा परिषदेच्या कृषी विभागाची, अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. मराठवाड्यात निवडीचा मेसेज येऊनही विहिरीविना राहिलेली माणसं मी सारखी बघतो. बहुतेकांचं एकाच कागदावर अडलेलं असतं: भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचा पाणी उपलब्धतेचा दाखला.

जमीन ०.४० ते ६ हेक्टरच्या आत हवी, सातबारावर आधीची विहीर नको. अर्जाला जातीचा दाखला, सातबारा, आठ-अ आणि आधार जोडलेलं बँक खातं लागतं. इथवर कुणी फारसं अडत नाही.

निवडीनंतर खरी धावपळ सुरू होते. मेसेजमधली मुदत कागद पोर्टलवर चढवायची असते. ती पंचायत समितीत फाईल नेऊन द्यायची तारीख आहे असं समजून लोक शेवटच्या दिवशी तालुक्याला येतात आणि निवड रद्द होते. तलाठ्याचे दाखले, ग्रामसभेचा ठराव, जागेचा नकाशा व चतुःसीमा, लाभार्थ्यासह जागेचा फोटो हे सगळं गावात मिळतं. भूजलचा दाखला मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी. तालुक्यात कुणी हे धड सांगत नाही, आणि मजुरी बुडवून आलेल्या माणसाला तीन-तीन हेलपाटे पडतात. एवढा एक कागद तालुक्यात मिळायची सोय का होऊ नये?

म्हणून निवडीची वाट बघू नका, आधीच चौकशी करा. भूजलवाल्यांनी राज्याचे पाणलोट, म्हणजे पावसाचं पाणी वाहून एकत्र येतं असे भाग, पाडलेत, आणि उपसा किती झालाय त्यावरून प्रत्येकाचा वर्ग ठरतो. पाणलोट अतिशोषित, म्हणजे मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलेला असेल तर नवीन विहिरीला दाखला मिळत नाही. गावाच्या नुसत्या नावावर जाऊ नका. एकाच गावाची शिवारं दोन पाणलोटांत असू शकतात. गट नंबर आणि नकाशा घेऊन जा.

‘शेजाऱ्याला मिळाली, मला का नाही’ हा राग मला कळतो. पण आपल्याकडे खाली काळा पाषाण. पाणी धरतो तो मुरूम आणि खडकाच्या भेगा. तेवढ्याच साठ्यावर आणखी एक विहीर पाडली तर दोन्ही विहिरी फेब्रुवारीतच तळ दाखवतील. दाखला ‘मॅनेज’ करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

आणखी एक घोळ. दोन सिंचन विहिरींमधली ५०० फुटांची अट २०२४ मध्ये काढली. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर घेता येत नाही, हा कायदा मात्र तसाच आहे. फूट आणि मीटर यांची गल्लत करून गावच्या नळयोजनेच्या विहिरीजवळ जागा दाखवू नका.

नवीन विहीर बसत नसेल तर याच योजनेत जुन्या विहिरीची दुरुस्ती किंवा शेततळ्याचं प्लास्टिक अस्तरीकरण आहे. यातलं एकच घेता येतं. दुरुस्ती केलीत तर पावसाळ्याआधी बांधाचं पाणी चरातून, वाळू-खड्यांच्या गाळणीतून विहिरीत सोडा. गढूळ पाणी थेट सोडलंत तर झरे बुजतील.

आणि कार्यारंभ आदेश हातात पडेपर्यंत कुदळ मारू नका. आधी खोदलेल्या कामाचं माप धरत नाहीत, आणि मग डोक्यावर फक्त कर्ज उरतं.