पावसाळी बंदीची पार्श्वभूमी: धबधबे, शिखरं आणि एका कलमाची गोष्ट

जून संपत आला की सह्याद्रीतल्या धबधब्यांवर मनाई आदेश निघतात आणि त्याच रविवारी ताम्हिणीत गाड्यांची रांग लागते. दोन्हींची आता इतकी सवय झाली आहे की हे आदेश कुठल्या कायद्यातून येतात आणि वनजमिनीवर चालायला मुळात मुभा आहे का, हे कोणी फारसं विचारत नाही.

हौसेने डोंगर चढणारा माणूस या जमिनीच्या कायद्यांना कधी दिसलाच नाही. १८१८ मध्ये इंग्रजांनी नाशिककडच्या कित्येक किल्ल्यांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, त्यामागे लष्करी हिशेब होता. १८७८ च्या वन कायद्याने जंगलं राखीव आणि संरक्षित अशी वाटली, १९२७ च्या कायद्याने ती चौकट पक्की केली. त्यातल्या कलम २६ नुसार राखीव जंगलात विनापरवाना शिरणं हाच गुन्हा ठरू शकतो; डोळा होता लाकूडफाटा आणि चराईवर. मग १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि १९८६ मध्ये कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य जाहीर झालं. राज्यातलं सर्वांत उंच, १६४६ मीटरचं शिखर अशा रीतीने परवानगीच्या हद्दीत गेलं. पर्यटनासाठी ती परवानगी देण्याची सोय त्याच कायद्यात आहे, पण कोणत्या वाटेवर, एका दिवशी किती जणांना, आणि ती वाट कोणी राखायची, यातलं काहीही कायदा सांगत नाही. पायथ्याच्या बारी गावाच्या बाजूने कळसूबाई देवीची नवरात्रातली यात्रा आधीसारखीच भरत राहिली.

एका दिवसात जाऊन येण्याचा ट्रेक ही लोकल आणि एसटीची देणगी. कर्जत, कसारा, लोणावळा ही स्टेशनं, तिथून पायथ्याच्या गावाला जाणारी सकाळची गाडी आणि परतीची शेवटची गाडी चुकू नये म्हणून दुपारीच उतरायला लागायची घाई. त्या काळी डोंगरात शिस्त होती, असं म्हणायची पद्धत आहे. खरं तर माणसंच कमी होती. वाट विचारायला गावात थांबावंच लागे, आणि पाऊस किती झालाय, ओढा ओलांडता येईल का, हे त्या विचारण्यातच कळून जाई.

मोबाइलवरच्या नकाशाने हे थांबणं संपवलं. शुक्रवारी रात्री शहरातून बस, पहाटे शिखरावर सूर्योदय, संध्याकाळी घरी, असा बेत विकला जाऊ लागला. कळसूबाईच्या लोखंडी शिड्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर येऊन खोळंबू लागले. जुलै २०२३ च्या सुरुवातीला लोहगडावर गर्दी अशी कोंबली गेली की लोक कित्येक तास जागचे हलू शकले नाहीत. भिऱ्याचं देवकुंड, बदलापूरजवळचं कोंडेश्वर, माणगाव तालुक्यातलं कुंभे ही नावं एकेकाळी आसपासच्या लोकांपुरती होती. ती फोटोंतून सगळीकडे गेली आणि पाठोपाठ बुडाल्याच्या, घसरल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

इथे प्रशासनाने जो उपाय उचलला तोच बंदी हवी की नको या आजच्या वादाचं मूळ आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १४४ लोकांना ठाऊक आहे ते दंगलीच्या काळातली जमावबंदी म्हणून. पण त्यात मानवी जीविताला असलेला धोका हेही कारण नमूद होतं, आणि त्याच आधारावर धबधबे बंद होऊ लागले. या आदेशांचा मजकूर वाचण्यासारखा असतो. पाण्यात उतरू नये, धोकादायक जागी सेल्फी काढू नये, मद्य नेऊ नये, गाडीतलं संगीत मोठ्याने वाजवू नये. काही आदेशांत तर धबधब्यापासून एक किलोमीटरच्या परिसरात अत्यावश्यक सेवा सोडून कुठल्याच वाहनाला प्रवेश नसतो. कड्यावरून पडणं आणि स्पीकर लावणं एकाच यादीत.

कलमाला मुदतही आहे. असा आदेश दोन महिन्यांपेक्षा जास्त चालत नाही. पुढे वाढवायचा तर राज्य सरकारकडे जावं लागतं. पावसाळा चार महिन्यांचा. म्हणजे तातडीच्या, अनपेक्षित प्रसंगासाठी असलेलं हत्यार दर वर्षी ठरल्या वेळी, तेही हप्त्याहप्त्याने वापरायचं.

बंदीमागचं भय मात्र खोटं नाही. माथ्यावर कातळ, माती पातळ. पाऊस मुरत नाही, सरळ ओढ्यात येतो. खाली उघडीप असताना वर कोसळत असेल तर पाणी काही मिनिटांत चढतं. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात हेच झालं. प्रवाहाच्या मधोमध अडकलेलं कुटुंब एकमेकांना धरून उभं होतं, काठावरच्यांच्या डोळ्यांदेखत ते वाहून गेलं. पाच जण गेले. दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १४४ ची जागा कलम १६३ ने घेतली. आकडा बदलला, पद्धत तीच राहिली. त्याच महिन्यात कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी दरीत कोसळली. १५ जून २०२५ ला मावळातल्या कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल गर्दीने खचला आणि चौघांचा जीव गेला. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता.

बंदीच्या बाजूने बोलणारे या घटनांची यादी देतात. विरोधातले याच यादीवर बोट ठेवून विचारतात की इतकी वर्षं आदेश निघताहेत, मग यादी थांबली का नाही. विरोधातल्यांचं म्हणणं अधिक पटतं. जिथे गावाची समिती प्रवेश शुल्क घेते, नाव लिहून घेते, सोबत वाटाड्या देते, तिथे पाणी चढलं तर मागे फिरा म्हणणारा कोणीतरी हजर असतो. बंदी आली की सगळ्यात आधी हा माणूस घरी बसतो. त्याची पावसाळ्याची कमाई जाते, पिठलं-भाकरीची घरं बंद राहतात. कोणी दरीत अडकलं की रात्री दोर घेऊन निघतात ते मात्र बहुतेकदा याच गावांतले तरुण आणि गिर्यारोहकांची स्वयंसेवी पथकं.

मधल्या काळात दुसऱ्या टोकानेही प्रयत्न झाला. २०१८ मध्ये साहसी उपक्रमांसाठी शासन निर्णय आला, त्यातल्या नोंदणीच्या अटींवर ट्रेकिंगच्या वर्तुळात बरंच वाजलं, आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आलं. त्याचा सगळा रोख आयोजकांवर आहे: नोंदणी, प्रशिक्षित लीडर, प्रथमोपचार. चार मित्र रविवारी आपल्या गाडीने निघाले तर ते आयोजक नाहीत आणि धोरणाच्या कक्षेतही येत नाहीत. त्यांच्या वाट्याला येतो तो कलम १६३ चा आदेश आणि घाटात उभा असलेला पोलीस.