व्हिडिओ गेम आणि मुले

मोबाइल, संगणक किंवा टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवरील खेळांचा मुलांची झोप, डोळे, अवधान आणि वर्तन यांवर होणारा परिणाम. मूल किती तास खेळते, हे पालक आधी विचारतात. त्या तासांनी कशाची जागा घेतली आणि खेळ कुठे थांबतो, या दोन गोष्टी त्याहून जास्त सांगून जातात.

जुन्या खेळांत एक पातळी संपली की आपोआप खंड पडे. ऑनलाइन सांघिक खेळांत एकेक सामना वीस-पंचवीस मिनिटे चालतो आणि तो मध्येच सोडला तर गुण कापले जातात, संघात एक जण कमी होतो, काही खेळांत तर पुढचा सामना खेळायलाही थोडा वेळ बंदी येते. ‘आत्ताच्या आत्ता बंद कर’ म्हटल्यावर मूल भडकते, ते पुष्कळदा यामुळे. प्रत्येक वेळी त्याला व्यसन म्हणण्याची घाई करू नये. मिनिटांऐवजी सामने ठरवून द्यावेत : ‘अजून एक, मग जेवण.’

लूट बॉक्सचे, म्हणजे खेळात मिळणाऱ्या बंद बक्षीस-पेट्यांचे, प्रकरण वेगळे. पैसे मोजायचे, पण आत काय निघेल ते उघडल्यावरच कळते. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की सवय फार चिवट होते. जुगाराच्या यंत्रामागचे तत्त्व हेच. बेल्जियमच्या नियामकाने २०१८ मध्ये पैसे देऊन घ्यायचे लूट बॉक्स जुगाराच्या कायद्याखाली आणले. घरी एवढे करावे : कार्डाचा तपशील फोनमध्ये जतन करू नये आणि प्रत्येक खरेदीला पासवर्ड लागेल अशी सेटिंग ठेवावी.

पडद्यात गुंतलेल्या मुलाकडे मिनिटभर पाहावे. पापण्या क्वचितच लवतात. डोळे कोरडे पडून चुरचुरतात ते त्यामुळे. दर २० मिनिटांनी २० फुटांपलीकडे २० सेकंद पाहिल्याने ताण हलका होतो, पण लहान वयात चष्मा लागू नये म्हणून जास्त उपयोग होतो तो रोज उघड्यावर, दिवसाच्या उजेडात खेळण्याचा. झोप नुसत्या प्रकाशाने उडत नाही. हरता हरता जिंकलेला सामना डोक्यात फिरत राहतो. शेवटचा सामना झोपेच्या तासभर आधी संपावा आणि चार्जर झोपायच्या खोलीबाहेर असावा.

फायदेही आहेत, मात्र ते फुगवून सांगितले जातात. वेगवान मारधाडीच्या खेळांनी दृश्य अवधान सुधारते, असे २००३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातील एका अभ्यासात दिसले. त्यात भाग घेणारे तरुण होते, शाळकरी मुले नव्हती. शिवाय पडद्यावरची ही चपळाई पुस्तक घेऊन बसायला कामी येईलच असे नाही. हिंसक खेळांबाबत अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये म्हटले की आरडाओरडा, ढकलाढकली यांच्याशी अल्पसा संबंध दिसतो. प्रत्यक्ष हिंसाचाराशी तो जोडण्याइतका पुरावा नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग विकार’ आहे. ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्यांपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणे, ही तिन्ही लक्षणे साधारणपणे १२ महिने टिकून शिक्षण किंवा घरातले संबंध ढासळले, तरच हे निदान होते. सुट्टीत दिवसभर खेळणारे मूल यात बसत नाही. नैराश्य, चिंता किंवा अवधानाची अडचण पुष्कळदा सोबत असते, म्हणून तपासणी तिचीही करावी लागते. फोन एकाएकी काढून घेतला तर ते दुखणे तसेच राहते आणि खेळातल्या सोबत्यांशी असलेले बोलणेही बंद पडते.