दहा मिनिटं कापड उचलू नका

जखमेवर कापड दाबून धरलेला माणूस अर्ध्या मिनिटात एक चूक हमखास करतो. रक्त थांबलं का, हे बघायला तो कापड उचलतो आणि खाली नुकतंच सुरू झालेलं काम मोडतो.

रक्तवाहिनी कापली की ती आधी स्वतःच आकसते. मग रक्तातल्या बिंबिका म्हणजे प्लेटलेट्स फाटलेल्या कडेला चिकटतात आणि एकमेकींवर थर रचतात. हा थर फार कच्चा असतो. त्याला पक्कं करतात फायब्रिनचे धागे. रक्तात विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनापासून ते तयार होतात आणि जाळं विणतात. या विणकामाला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात वाहतं रक्त कच्चा थर वाहून नेऊ शकतं. हाताचा दाब हा प्रवाह रोखतो, गुठळीला वेळ मिळवून देतो. म्हणून स्वच्छ कापडाची घडी नेमक्या जखमेवर ठेवा, तळहाताने जोर लावा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं थांबा. कापड भिजलं तर काढू नका, त्यावरच दुसरं ठेवून आणखी जोराने दाबा.

जखमेत काच किंवा सळई रुतली असेल तर ती उपसू नका. कदाचित तिनेच रक्त अडवून धरलेलं असतं. दाब तिच्या दोन्ही बाजूंना द्या.

हातापायातून रक्ताची चिळकांडी उडत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तर जखमेच्या पाच-सात सेंटिमीटर वर, सांधा टाळून, रुंद पट्टा रक्त थांबेपर्यंत आवळा. बारीक दोरी नको, ती मांसात रुतते. बांधल्याची वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पट्टा सैल करू नका.

रुग्णाला आडवं करून पांघरूण घाला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण ते सहसा राहून जातं. शरीर थंड पडलं की रक्त गोठवणारी विकरं म्हणजे एन्झाइम्स मंदावतात आणि रक्तस्राव वाढतो. प्रौढ माणसाच्या अंगात जेमतेम पाच लिटर रक्त असतं. त्यातलं दीड-दोन लिटर गेलं की जीव धोक्यात येतो. मदतीसाठी फोन मात्र दाब देता देताच दुसऱ्या कुणाला तरी करायला सांगा.

किरकोळ खरचटणं वाहत्या स्वच्छ पाण्याने धुतलं की पुरतं. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड जंतूंबरोबर भरून येणाऱ्या पेशींनाही इजा करतं. खोल, मातीने माखलेली जखम मात्र वेगळी. धनुर्वाताचे जंतू ऑक्सिजन नसलेल्या जागी वाढतात, म्हणून खिळा घुसून पडलेलं अरुंद भोक त्यांना सोयीचं. त्यात गंजाचा दोष नाही. अशी जखम झाली आणि लसीच्या शेवटच्या मात्रेला पाच वर्षं उलटली असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.