परिषद आणि प्रशिक्षण: नोंदी कुठे मांडायच्या, कुठे दुरुस्त करायच्या

जैवविविधतेवर काम करणाऱ्यांना वर्षभर निमंत्रणं येत असतात. परिषद, परिसंवाद, चर्चासत्र, कार्यशाळा, अभ्यासवर्ग. हे शब्द इतके सैलपणे वापरले जातात की पत्रक दोनदा वाचूनही आत नेमकं काय होणार याचा पत्ता लागत नाही. परिषद असो की प्रशिक्षण, दोन्हीकडे गळ्यात ओळखपत्र, दोन्हीकडे पडद्यावर ठिपक्याठिपक्यांचे नकाशे, दोन्हीकडे शेवटी प्रमाणपत्र. मग प्रशिक्षण म्हणजे छोटी परिषद, असा समज व्हायला वेळ लागत नाही. त्यापायी माणूस चुकीच्या ठिकाणी चुकीची अपेक्षा घेऊन जातो आणि चार दिवसांनी ‘छान झालं’ म्हणत हात हलवत परत येतो.

एक फाइल डोळ्यांसमोर आणू. कुणीतरी तीन वर्षं फुलपाखरांच्या नोंदी केल्या आहेत. चारशे ओळींचा तक्ता आहे. तारीख, ठिकाण, जातीचं नाव, अक्षांश, रेखांश, संख्या. काही ओळींत अक्षांशाच्या जागी रेखांश पडला आहे. काही तारखा ०३/०४/२०१९ अशा लिहिल्या आहेत. त्या ३ एप्रिलच्या की ४ मार्चच्या, हे लिहिणाऱ्यालाही आता आठवत नाही. जिथे मोजणी झालीच नाही तिथे कुठे शून्य आहे, कुठे रिकामा रकाना, कुठे ‘माहिती नाही’ यासाठी टाकलेला -९९९.

ही फाइल घेऊन तो परिषदेला गेला, तर काही महिने आधीच त्यानं गोषवारा पाठवलेला असेल आणि तो निवडला गेला असेल. बोलायला दहा-बारा मिनिटं मिळतील, किंवा ए-शून्य आकाराचं, म्हणजे ८४१ बाय ११८९ मिलिमीटरचं, भित्तिपत्रक लावायला जागा मिळेल. तो नकाशा दाखवेल, आलेख दाखवेल, निष्कर्ष सांगेल. श्रोते विचारतील: पावसाच्या आकड्यांशी ताडून पाहिलंत का? दुसऱ्या अधिवासातही हेच दिसतं का? प्रश्न चांगलेच असतील. पण तक्त्याचा चौथा रकाना उघडून कुणी बघणार नाही, कारण ती जागाच त्यासाठी नसते. परिषदेत निष्कर्ष तपासला जातो. फाइल विश्वासावर घेतली जाते.

प्रशिक्षणात निष्कर्षाबद्दल कुणाला फारशी उत्सुकता नसते. तिथे शेजारी उभा असलेला मदतनीस पडद्यावर बोट ठेवून विचारतो, हे फुलपाखरू समुद्रात काय करतंय? उदाहरणार्थ, १० अंश उत्तर आणि ४० अंश पूर्व म्हणजे इथिओपिया. आकड्यांची अदलाबदल झाली की ४० उत्तर आणि १० पूर्व, म्हणजे सार्डिनिया बेटाच्या पूर्वेचं पाणी. रकाने रिकामे होते आणि सॉफ्टवेअरनं परस्पर त्यांचं शून्य केलं, तर नोंद थेट गिनीच्या आखातात जाऊन पडते, जिथे विषुववृत्त आणि मूळ रेखावृत्त एकमेकांना छेदतात. या जागेला डेटावाले गमतीनं ‘नल आयलंड’ म्हणतात. तिथे बेट वगैरे काही नाही, पण जगभरच्या भरकटलेल्या नोंदींची वस्ती मात्र आहे.

नावांची तऱ्हा आणखी मजेशीर. ‘मोरस’ ही तुतीची प्रजाती, आणि ‘मोरस’ हीच गॅनेट नावाच्या समुद्रपक्ष्यांचीही प्रजाती. वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाच्या संहिता वेगवेगळ्या असल्यामुळे दोन्ही नावं वैध आहेत. माणसाला संदर्भावरून कळतं. यंत्राला ‘सृष्टी’चा, म्हणजे वनस्पती की प्राणी हे सांगणारा, रकाना भरून द्यावा लागतो, नाहीतर तुतीवर पंख फुटतात. हे एकदा स्वतःच्या फाइलमध्ये घडलेलं पाहिलं की जन्मभर लक्षात राहतं, व्याख्यानात ऐकलं की संध्याकाळपर्यंत. मला वाटतं या दोन प्रकारांतला खरा फरक इथेच आहे: टेबलावर कुणाचं काम पसरलेलं आहे आणि दुरुस्ती कशाची होते आहे.

म्हणूनच चांगल्या प्रशिक्षणाची घडण वेगळी असते. संशोधकांना डेटा हाताळायला शिकवणारा ‘डेटा कार्पेंट्री’ हा उपक्रम २०१४ मध्ये सुरू झाला. १९९८ पासून चालत आलेल्या ‘सॉफ्टवेअर कार्पेंट्री’चा तो धाकटा भाऊ, आणि २०१८ पासून दोन्ही ‘द कार्पेंट्रीज’ या एका छत्राखाली आहेत. त्यांचा वर्ग साधारण दोन दिवसांचा. शिकवणारा तयार स्लाइड दाखवत नाही. तो सगळ्यांसमोर आज्ञा टंकतो, चुकतो, चूक वाचून दाखवतो आणि सुधारतो. शिकणारे बरोबरीनं टंकत असतात. प्रत्येकाकडे दोन रंगांच्या चिकटचिठ्ठ्या असतात. एक लॅपटॉपवर लावली की ‘माझं झालं’, दुसरी लावली की ‘अडकलोय, इकडे या’. हात वर करायला लाजणारा माणूस चिठ्ठी मात्र बिनदिक्कत लावतो. युक्ती साधीच, पण अख्ख्या खोलीची नाडी शिकवणाऱ्याला एका नजरेत कळते.

त्यांच्या परिसंस्थाविज्ञानाच्या पाठांसाठी वापरलेला डेटाही खराखुरा आहे. अमेरिकेच्या अॅरिझोना राज्यात पोर्टल गावाजवळच्या वाळवंटात १९७७ पासून २४ तुकड्यांवर उंदीरवर्गीय प्राणी आणि वनस्पती यांची मोजणी चालू आहे. त्यातलाच हा भाग. पहिला धडा प्रोग्रॅमिंगचा नसून साध्या स्प्रेडशीटचा असतो. मुद्दाम बिघडवलेला तक्ता समोर येतो: एका पानावर दोन-तीन तक्ते दाटीवाटीनं बसवलेले, महत्त्वाची माहिती रकान्यात न लिहिता पिवळ्या रंगानं सुचवलेली, आणि ‘माहिती नाही’ यासाठी तेच आपलं -९९९. पिवळा रंग माणसाला दिसतो, पण फाइल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन केली की रंग उडतो आणि माहितीही. -९९९ चं संकट उलटं. ते उडत नाही, निमूटपणे सरासरीत मिसळतं.

काही प्रशिक्षणं त्याहून लांब पल्ल्याची असतात. ग्लोबल बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॅसिलिटी, म्हणजे जीबिफ, ही २००१ मध्ये स्थापन झालेली आणि कोपनहेगनमध्ये सचिवालय असलेली यंत्रणा. तिच्यामार्फत आज दोन अब्जांहून अधिक नोंदी कुणालाही खुल्या आहेत. युरोपीय संघाच्या निधीतून तिनं २०१५ मध्ये ‘बीआयडी’ (बायोडायव्हर्सिटी इन्फर्मेशन फॉर डेव्हलपमेंट) नावाचा कार्यक्रम सुरू केला, सहाराच्या दक्षिणेचा आफ्रिका, कॅरिबियन आणि प्रशांत महासागरातले देश यांच्यासाठी. इथलं प्रशिक्षण सुट्या प्रमाणपत्रापुरतं नसतं. ते निधी मिळालेल्या प्रकल्पाला जोडलेलं असतं आणि प्रकल्पाच्या शेवटी डेटा प्रकाशित झालेला दिसावा लागतो. परिषदेत अशी अट कुणी घालत नाही, घालणं शक्यही नाही.

एवढं वाचून परिषद म्हणजे नुसता मिरवण्याचा प्रकार, असं वाटत असेल तर थांबायला हवं. प्रशिक्षणात जे नियम पाठ करून घेतले जातात ते आकाशातून पडत नाहीत. १९८५ मध्ये जिनिव्हात वर्गीकरणाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्यांचा एक गट जमला. टॅक्सॉनॉमिक डेटाबेसेस वर्किंग ग्रुप हे त्याचं मूळ नाव. संस्थेनं पुढे नाव बदललं, पण ‘टीडीडब्ल्यूजी’ ही आद्याक्षरं चिकटून राहिली. ‘डार्विन कोअर’ ही रकान्यांच्या नावांची आणि अर्थांची सूची याच संस्थेनं २००९ मध्ये प्रमाण (स्टँडर्ड) म्हणून मान्य केली. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमानं लिहावी, म्हणजे २०१९-०४-०३, ही तिचीच शिफारस. नोंद डोळ्यांनी पाहून केली की जतन केलेल्या नमुन्यावरून, यासाठी वेगळा रकाना आहे. ठिकाणाच्या अनिश्चिततेसाठी आणखी एक आहे, मीटरमध्ये भरायचा, आणि त्यात शून्य चालत नाही. हा नियम मला फार आवडतो. पृथ्वीवरची कुठलीही जागा शून्य चुकीनं सांगता येत नाही, हे एका रकान्यानं कबूल करून घेतलं आहे.

असे निर्णय वर्गात होत नाहीत. त्यासाठी संग्रहालयातले लोक, प्रोग्रॅमर, वर्गीकरणतज्ज्ञ आणि प्रत्यक्ष डेटा वापरणारे एकत्र यावे लागतात, भांडावे लागतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा भेटावे लागतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनला ‘बायोडायव्हर्सिटी नेक्स्ट’ ही परिषद भरली, तेव्हा असे अनेक गट एका छपराखाली आले होते. व्याख्यानांची यादी हा अशा परिषदेचा दर्शनी भाग. प्रमाणांवर काम करणाऱ्या गटांच्या बैठका बाजूच्या खोल्यांत चालतात. नवख्या माणसानं तिथे बसावं जरूर, पण तक्ता कसा भरायचा ते तिथे कळेल या आशेनं नव्हे. ‘वाहन’ हा शब्द म्हणजे नेमकं काय यावर जिथे खल चालला आहे, तिथे कुणी सायकल चालवायला शिकवत नाही.

आता गोंधळ वाढवणारी दोन उदाहरणं. पहिलं पुन्हा लायडेनचंच. जानेवारी २०१४ मध्ये तिथल्या लोरेंट्झ सेंटरमध्ये एक कार्यशाळा झाली आणि तिच्यातून पुढे ‘फेअर’ तत्त्वं आकाराला आली: डेटा सापडावा, मिळावा, दुसऱ्या डेटाशी जुळावा आणि पुन्हा वापरता यावा. ती २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज जवळजवळ प्रत्येक डेटा-प्रशिक्षणाच्या पहिल्या तासाला सांगितली जातात. पण ती कार्यशाळा स्वतः प्रशिक्षण नव्हती. तिथे कुणी कुणाला शिकवत नव्हतं. जाणकार मंडळी बसून नवीन काहीतरी घडवत होती. म्हणजे ‘कार्यशाळा’ हा शब्द दोन्ही घरचा पाहुणा आहे आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

दुसरं उदाहरण बातम्यांतलं. ‘जैवविविधता परिषद’ असं छापून येतं तेव्हा बहुतेकदा ती कॉप असते, जैवविविधता करारातल्या देशांची बैठक. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलला झालेल्या अशाच बैठकीत २३ उद्दिष्टांची चौकट मान्य झाली. त्यातलं विसावं क्षमताबांधणीचं आणि एकविसावं ज्ञान-माहिती उपलब्ध करण्याचं. वैज्ञानिक तिथे असतात, पण वाटाघाटी सरकारं करतात. गोषवारा पाठवायचं ते ठिकाण नव्हे.

मधला एक प्रकार उरतो. परिषदेच्या आदल्या दिवशी अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण जोडलेलं असतं, आणि पत्रकात तेच ठळक अक्षरांत झळकतं. त्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. तीन तासांत साठ जणांना एखाद्या साधनाची तोंडओळख होते, बस्स. ओपनरिफाइन या डेटा साफ करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये एकाच जातीच्या नावाची पाच वेगवेगळी स्पेलिंग एका झटक्यात गोळा होताना पाहून खोलीभर ‘अरे वा’ होतं. परत आल्यावर तीच कृती स्वतःच्या फाइलवर करायला बसलं की पहिल्याच पायरीला गाडी अडते. तोंडओळख वाईट नाही, तिला प्रशिक्षण म्हणू नये एवढंच.

पत्रक हातात आलं की मी शीर्षक सोडून बाकीचं वाचतो. गोषवाऱ्याची अंतिम तारीख दिली आहे, की ‘आपला लॅपटॉप आणि डेटा घेऊन या’ असं लिहिलं आहे? किती जणांमागे किती मदतनीस? येण्याआधी काही स्वाध्याय आहे का, आणि गेल्यावर दोन महिन्यांनी कुणी विचारणार आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक पत्रकांत सापडत नाही. प्रशिक्षणाचा खरा कस मात्र तिथेच लागतो, कारण शिकलेलं विसरायला दोन महिने पुरेसे असतात.

या दोन जागांमध्ये ये-जा चालू असते, ती मात्र फारशी सांगितली जात नाही. प्रशिक्षणात एकच प्रश्न पुन्हापुन्हा येतो, उदाहरणार्थ, जुन्या नमुन्याच्या चिठ्ठीवर फक्त गावाचं नाव आहे, अक्षांश-रेखांश कुठून आणू? त्यावर २००४ मध्ये मांडली गेलेली बिंदू-त्रिज्या पद्धत शिकवली जाते: गावाचा मध्यबिंदू धरायचा आणि अनिश्चितता दाखवणारी त्रिज्या सोबत लिहायची. पण एखाद्या लांबलचक नदीकाठच्या नोंदीला वर्तुळ चपखल बसत नाही, आणि वर्ग घेणाऱ्याकडे त्याचं समाधानकारक उत्तर नसतं. ही अडचण तो पुढच्या परिषदेत प्रमाणांच्या गटापुढे ठेवतो.

फुलपाखरांच्या फाइलचा क्रम त्यावरून लागतो. आधी प्रशिक्षण: तारखांचा घोळ मान्य करायचा, जिथे दिवस खात्रीनं ठरत नाही तिथे नुसतं वर्ष ठेवायचं, समुद्रातल्या नोंदी जमिनीवर आणायच्या, -९९९ काढून रकाने रिकामे करायचे. कदाचित चारशे ओळींच्या तीनशे साठ उरतील. मग जीबिफवर प्रकाशन. तिथे प्रत्येक डेटासंचाला स्वतःचा डीओआय, म्हणजे कायमची ओळख देणारा, क्रमांक मिळतो. आणि मग परिषद. शेवटच्या स्लाइडवर ‘मागितल्यास डेटा देऊ’ असं लिहिण्याऐवजी तो क्रमांक लिहायचा, म्हणजे तिसऱ्या रांगेतला शंकेखोर श्रोता जेवणाच्या सुट्टीत तक्ता उतरवून घेईल आणि चौथा रकाना उघडून पाहील.