काडी न लावता पेटणारी गंजी

गवताची गंजी पेटली की पहिला प्रश्न ठरलेला: काडी कोणी टाकली? १८३० साली दक्षिण इंग्लंडात चिडलेल्या शेतमजुरांनी मळणीयंत्रं फोडली, गंज्या जाळल्या. तेव्हा या गुन्ह्याला फाशी होती. पण गंजी आपली आपणही पेटते. यात भानामती नाही, करणीही नाही. आहे ती ओल.

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या खेड्यात जनावरांचा हिवाळा उन्हाळ्यात वाळवलेल्या गवतावर निघायचा. कापणी भल्या पहाटे, दव असतानाच, कारण ओलं गवत लांब दांड्याच्या विळ्याला चांगलं सापडतं. मग बायका-मुलं दाताळ्यांनी ते दिवसभर उलटंपालटं करत. ताज्या गवताच्या वजनात सुमारे तीन चतुर्थांश पाणी असतं. गंजी रचेपर्यंत ते एक पंचमांशाच्या आत यावं लागतं. आभाळ भरून आलं की घाई होई आणि दमट गवतच रचलं जाई.

इथून पुढचा भाग मला फार आवडतो. कापलेलं गवत लगेच मरत नाही. त्याच्या पेशी श्वसन करत राहतात, साखर जळते, उष्णता निघते. सोबतीला बुरशी आणि जिवाणू असतातच. साधारण ४५ अंशांपुढे हे बहुतेक थंडावतात आणि उष्णताप्रेमी जिवाणू कामाला लागतात. ते तापमान ७० अंशांच्या आसपास नेतात आणि स्वतःच्याच उष्णतेने मरतात. त्यानंतर उरतं निव्वळ रसायनशास्त्र: शर्करा आणि प्रथिनं एकमेकांशी अभिक्रिया करतात, गवत तपकिरी पडतं, मग त्याचं ऑक्सिडीकरण वेग घेतं. आग लागायला कधी कधी कित्येक आठवडे जातात. हे जिवाणू १९०७ साली ह्यूगो मीहे या जर्मन शास्त्रज्ञाने गवतातून वेगळे करून दाखवले.

लहान ढीग मात्र असा पेटत नाही. गंजीची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर उष्णता निर्माण करणारं गवत आठपट होतं, पण ती बाहेर सोडणारा पृष्ठभाग चौपटच. शिवाय काड्यांमध्ये अडकलेली हवा रजईचं काम करते.

शेतकऱ्याचा तापमापक म्हणजे लोखंडी कांब. ती गंजीत खोल खुपसायची, थोड्या वेळाने ओढून तळहातात धरायची. हात मागे घ्यावा लागला, जळक्या साखरेसारखा वास आला, तर गंजी कापून मोकळी करायची. पण पाण्याच्या बादल्या आधी भरून ठेवायच्या, कारण गाभ्याला ताजी हवा मिळाली की धुमसणारं गवत त्याच क्षणी भडकतं.