पासवर्ड लावलेला फुकट गेम उघडण्याआधी हे वाचा

सोलापुरात बऱ्याच घरांत कॉम्प्युटर एकच असतो. दिवसा त्यावर टॅली चालतं, जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, चादरी-टॉवेलच्या ऑर्डरी येतात. रात्री मुलं त्याच मशीनवर गेम खेळतात. त्यामुळे हे पत्रक मुलांइतकंच मोठ्यांसाठीही आहे.

फुकट गेमची फाइल बहुधा झिप किंवा रार, म्हणजे अनेक फाइली दाबून बांधलेलं गाठोडं, असते आणि तिचा पासवर्ड डाउनलोडच्या बटणाशेजारीच लिहिलेला असतो. किल्ली कुलपालाच टांगलेली, मग कुलूप कुणासाठी? अँटिव्हायरससाठी. पासवर्ड लावला की आतला माल एन्क्रिप्ट होतो, म्हणजे सांकेतिक रूपात जातो, आणि विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर असो की गूगल ड्राइव्हची तपासणी, कुणालाच आत डोकावता येत नाही. तुम्ही पासवर्ड टाकून फाइल मोकळी केलीत की डिफेंडरला ती पहिल्यांदा दिसते. म्हणूनच सोबतच्या सूचनेत ‘आधी अँटिव्हायरस बंद करा’ असं लिहिलेलं असतं. ही एक ओळ दिसली तरी फाइल तिथेच डिलीट करा. (सीए किंवा बँकही पासवर्ड लावून फाइल पाठवतात, पण तिथे पाठवणारा ओळखीचा असतो.)

आकारही बघा. 50 जीबीचा गेम 20 एमबीत मावत नाही. कधी छोट्या झिपमधून 700 एमबीची एकच सेटअप फाइल निघते. तिच्यात आकार फुगवायला नुसती शून्यं भरलेली असतात, कारण फार मोठ्या फाइली अनेक स्कॅनर तपासतच नाहीत. फाइली तपासून देणारी व्हायरसटोटल ही वेबसाइटसुद्धा 650 एमबीपर्यंतचीच फाइल घेते.

सगळ्यात जास्त घात करतात ते माहिती चोरणारे प्रोग्रॅम. रेडलाइन आणि लुमा ही त्यातली कुप्रसिद्ध नावं. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर ते नेतातच, शिवाय कुकीही नेतात. तुम्ही जीमेलमध्ये आधीच लॉगिन आहात याची खूण त्या कुकीत असते. ती चोराच्या हाती लागली की त्याला पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. स्क्रीनवर मात्र काहीच दिसत नाही. गेम कधीकधी नीट चालूही होतो.

दुसरा प्रकार रॅन्समवेअर. स्टॉप, म्हणजेच डीजेव्हीयू, हे क्रॅकमधूनच, म्हणजे पैसे न भरता चालावं म्हणून फोडलेल्या सॉफ्टवेअरमधूनच, फार पसरलं. ते फाइली लॉक करून पैसे मागतं, आणि बॅकअपची हार्ड डिस्क मशीनला लावलेली राहिली असेल तर तीही जाते. तिसरा प्रकार मायनर, म्हणजे तुमच्या मशीनवर चोरासाठी क्रिप्टोकरन्सी कमावणारा प्रोग्रॅम: मशीन रिकामं असतानाही प्रोसेसर राबत राहतो. मे महिन्यात मशीनचा पंखा जोरात फिरला की आपण उन्हाला दोष देतो. आधी कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर बघा.

सेटअप चालवून झाला असेल, तर लगेच नेट तोडा. पासवर्ड त्या मशीनवरून बदलू नका, नवेही चोरीला जातील. मोबाइलवरून आधी ईमेलचा, मग बँकेचा बदला आणि गूगल खात्यातून सगळी डिव्हाइस साइन आउट करा. मग विंडोज सिक्युरिटीत जाऊन ‘एक्सक्लूजन्स’ची, म्हणजे डिफेंडर जे तपासत नाही त्याची, यादी बघा, तिथे तुम्ही न टाकलेलं फोल्डर असेल तर ते काढा. त्यानंतर डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा. स्कॅन स्वच्छ आला तरी आमचा सल्ला विंडोज नव्याने टाकण्याचाच आहे. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

मुलांना विंडोजमध्ये वेगळं स्टँडर्ड (मर्यादित अधिकारांचं) खातं द्या आणि ॲडमिनचा पासवर्ड सांगू नका. मात्र एवढ्यावर निर्धास्त राहू नका. टॅलीचा डेटा डी ड्राइव्हवर असेल, तर तिथे सहसा प्रत्येक खात्याला फाइली बदलता येतात. त्या फोल्डरच्या परवानग्या बदलून घ्याव्या लागतात. रार-झिप उघडणारा विनरार हा प्रोग्रॅम आपोआप अपडेट होत नाही. 6.23 च्या आधीच्या आवृत्तीत अशा झिप-रार फाइलमधला साधा फोटो उघडला तरी लपवलेला प्रोग्रॅम चालू शकत असे. 2025 मध्ये सापडलेली आणखी एक त्रुटी 7.13 मध्ये बुजवली. त्याहून जुनी आवृत्ती असेल तर आजच बदला.

गेम हवाच असेल तर एपिक गेम्स स्टोअर दर आठवड्याला किमान एक गेम अधिकृतपणे फुकट देतं. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून विकत घेतलेला गेम 14 दिवसांच्या आत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल, तर पैसे परत मिळतात.

शंका असलेलं मशीन तपासणीसाठी आमच्याकडे आणताना बंद करूनच आणा. पेन ड्राइव्हवर काही कॉपी करू नका, आणि फाइल कुठून उतरवली ते न लपवता सांगा; कुणी रागावणार नाही. टॅलीचा सीरियल नंबर आणि शेवटच्या बॅकअपची तारीख सोबत लिहून आणा.