दोन दूधबेडूक: ढोलीतला आणि डबक्यातला

अ‍ॅमेझॉन खोऱ्याच्या सखल जंगलातले हे दोन झाडबेडूक फोटोंमध्ये सर्रास एकमेकांच्या नावाने खपतात. एक ट्रॅकिसेफॅलस रेझिनिफिक्ट्रिक्स, दुसरा ट्रॅकिसेफॅलस टायफोनियस. डिवचले की दोघांच्याही कातडीतून रुईच्या चिकासारखा पांढरा द्रव येतो, म्हणून दोघेही ‘दूधबेडूक’. चिकावरून ओळख पटत नाहीच, उलट डोळ्यात गेला तर आग होते आणि वाळल्यावर तो पाण्याने सहज निघत नाही. हाताळायचेच असेल तर हातमोजे घालावेत.

रेझिनिफिक्ट्रिक्सच्या पिल्लाबद्दल शंका राहत नाही: गुळगुळीत अंगावर निळसर पांढरे आणि गडद तपकिरी रुंद पट्टे. घोळ होतो तो मोठ्या बेडकात. कातडी खडबडीत होते, पट्टे मळकट दिसू लागतात, आणि टायफोनियसच्या पाठीवरही वेड्यावाकड्या कडांचा मोठा तपकिरी डाग असतोच. अशा वेळी डोळा पाहावा. रेझिनिफिक्ट्रिक्सच्या सोनेरी बुबुळावर काळा क्रूस उमटलेला असतो.

खरा निकाल मात्र कानाने लागतो. झिमरमन आणि होडल या संशोधकांनी १९८३ मध्ये आवाज आणि वागणूक यांवरूनच दोघांना वेगळे दाखवले. रेझिनिफिक्ट्रिक्सचा नर उंच झाडाच्या पाणी साठलेल्या ढोलीत बसून एकटा ओरडतो; पुढचा नर बराच लांब, आपल्या ढोलीत. अंडीही तिथेच. ढोलीत खायला फारसे नसते, त्यामुळे नंतर कोणी अंडी घातली तर आधीचे बेडूकमासे ती फस्त करतात. टायफोनियसचे सगळे उलटे. जोराचा पाऊस पडला की नर साचलेल्या डबक्यात गोळा होतात, पाण्यावर तरंगत कर्कश गुरगुरतात, अंड्यांचा थर तवंगासारखा पसरतो आणि थोड्याच रात्रींत सगळे शांत.

‘रेझिनिफिक्ट्रिक्स’ म्हणजे राळ घडवणारी. हा बेडूक झाडाची राळ आणून ढोलीला लिंपतो, या समजुतीतून प्राणिशास्त्रज्ञ गोल्डी यांनी १९०७ मध्ये हे नाव दिले. गोष्ट झकास, पण ओळखीसाठी राळ शोधत बसू नये.

जुनी पुस्तके चाळताना दोघेही फ्रायनोहायस या प्रजातिनावाखाली सापडतील, आणि टायफोनियस तर ‘व्हेन्युलोसा’ म्हणून. ढोलीतून आवाज आला म्हणून लगेच रेझिनिफिक्ट्रिक्स लिहू नये: दक्षिण अमेरिकेच्या ईशान्येला, गयानांकडे, याच प्रजातीतला हॅड्रोसेप्स ढोलीतच राहतो, आणि २०१३ मध्ये कुनाउआरू ही आणखी एक जाती वेगळी काढली गेली. ध्वनिमुद्रण नसेल तर नोंद नुसती ‘ट्रॅकिसेफॅलस’ एवढीच करावी.